मिनोसचा बैल आणि उसातला बिबट्या

जुन्नरच्या लेण्यांतल्या शिलालेखांत दानकर्ते म्हणून तीन यवन, म्हणजे ग्रीक, भेटतात. इरिलाने पाण्याची टाकी दिली, चिटाने भोजनमंडप, चंदाने गर्भद्वार. ग्रीकांच्या भयंकर पशूंची चर्चा इथे करायला एवढे निमित्त पुरे. खरे कारण मात्र उसात बसले आहे. बैलाच्या डोक्याचा मिनोटॉर आपल्या लक्षात राहतो तो चक्रव्यूहातला नरभक्षक म्हणून. तो जन्मला कसा, हे आपण विसरतो. क्रीटचा राजा मिनोस याने समुद्रदेव पोसायडनकडे बैल मागितला आणि तोच बळी द्यायचे कबूल केले. बैल देखणा निघाला. राजाने तो ठेवून घेतला आणि दुसराच कापला. देवाने राणीला त्या बैलाच्या मोहात पाडले, त्यातून मिनोटॉर झाला. तो माणसे खातो, हे खरेच. पण या भयंकराचे मूळ मला कुणीतरी बुडवलेल्या देण्यात दिसते.

जुन्नर-आंबेगावात हे देणे कोणते? माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे ही धरणे झाली, कालवे फिरले, जिरायत रानात ऊस उभा राहिला. वर्षभर उभे राहणारे दाट पीक, जवळ पाणी, वस्तीवर कुत्री-शेळ्या. बिबट्याची मादी तिथे विईल नाही तर काय? उसात जन्मलेल्या पिल्लाला जंगल ठाऊकच नसते. यावर आक्षेप असा, की शेतकऱ्याने कोणता शब्द मोडला? पोटासाठी ऊस लावणे हा गुन्हा नव्हे. मान्य. पण देणे लागायला गुन्हा करावा लागत नाही, लाभ घेतला तरी पुरते. आणि हिशेब टाळून पशू नुसता दूर सारला तर काय होते, हे जुन्नरने पाहिले आहे. 2001 ते 2003 या काळात पकडलेले बिबटे दूरच्या रानांत सोडण्याचा सपाटा चालला. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात त्या काळात माणसांवरचे हल्ले उलट वाढलेले दिसले.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: मग काय, बिबट्याला वाघोबा म्हणून शेंदूर फासून बसायचे? पश्चिमेकडचे महादेव कोळी वाघोबाला पुजतात; वसुबारसेच्याच दिवशी त्यांची वाघबारस असते. गाय आणि तिला खाणारा, दोघांचा मान एका तिथीला. याला भाबडेपणा म्हणणाऱ्याने एस्किलसचे 'ओरेस्तिया' आठवावे. इ. स. पू. 458 मधल्या या नाट्यत्रयीत सूडाच्या देवता एरिनीज रक्ताचा माग काढत येतात. अथीना त्यांना मारत नाही, अथेन्सच्या भूमीत जागा आणि पूजा देते. प्रत्येक भयंकरावर हेराक्लीसची गदा चालवावी, असे ग्रीकांनाही वाटत नव्हते. शिवाय वाघोबाची पूजा म्हणजे वाघाला अभय नव्हे. माझ्या गुरांना, माझ्या माणसांना हात लावू नकोस, ही अट तिच्यात असते, आणि अट मोडणाऱ्या जनावराचा बंदोबस्त त्या करारात बसतो.

माझी शंका आहे ती भरपाई कोण करतो याबद्दल. शब्द मोडला मिनोसने. चक्रव्यूहात गेली ती अथेन्सची सात मुले आणि सात मुली. इथेही साखरेचा लाभ कारखान्यापासून चहा पिणाऱ्या शहरापर्यंत वाटला जातो. फडाच्या कडेला कोपीत झोपते ते तोडणी मजुराचे मूल, आणि मेंढरांपाशी उघड्यावर रात्र काढतो तो मेंढपाळ. थीसियसने मिनोटॉर मारला म्हणून मिनोसचे देणे फिटले नाही. बिबट्या माणिकडोहच्या निवारा केंद्रात नेला, तरी मोकळ्या झालेल्या उसात दुसरा येतो. म्हणून पिंजऱ्यांच्या आधी खर्च व्हायला हवा तो कोपीच्या भक्कम दारावर आणि मेंढरांच्या वाड्याच्या कुंपणावर, आणि तो निघायला हवा साखरेच्या भावातून.