क्षमेपूर्वीची साक्ष

क्षमा हे वीराचे भूषण होय, असे आपल्याकडे इतक्या सहजपणे सांगितले जाते की, ज्याच्यावर जुलूम झाला त्याने आपली फिर्याद स्वखुशीने मागे घ्यावी आणि इतरांनी त्याच्या औदार्याची वाहवा करावी, एवढाच तो व्यवहार असावा असा कोणाचाही समज व्हावा. एरिक लोमॅक्स या स्कॉटिश युद्धकैद्याची हकीकत वाचल्यावर माझा तरी हा समज टिकला नाही.

एडिंबरोत १९१९ साली जन्मलेल्या या माणसाला बालपणापासून आगगाडीच्या इंजिनांचे वेड होते. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले तेव्हा सिग्नल दलातील हा तरुण अधिकारी जपान्यांच्या हाती सापडला, आणि दैवाचा उपरोध असा की, त्याची रवानगी सयाम व ब्रह्मदेश जोडणाऱ्या सुमारे ४१५ किलोमीटर लांबीच्या लोहमार्गाच्या कामावर झाली. या मार्गापायी १२ हजारांहून अधिक युद्धकैदी, आणि त्यांच्या कितीतरी पटींनी आशियाई मजूर, प्राणास मुकले. १९४३ साली कांचनाबुरीच्या छावणीत कैद्यांनी चोरून बनवलेला रेडिओ उघडकीस आला. दोन अधिकारी मारहाणीत ठार झाले, लोमॅक्सचे हात मोडले, आणि त्याने काढलेला मार्गाचा नकाशा सापडल्यावर केंपेताई या लष्करी पोलिसांनी नाकातोंडात पाणी सोडून त्याची जबानी घेतली. नागासे ताकाशी हा त्या खोलीतला केवळ दुभाषा. परंतु पुढे अर्धशतक लोमॅक्सच्या द्वेषाने जो चेहरा धरून ठेवला तो या दुभाषाचाच. आणि ते स्वाभाविकही होते, कारण त्या नरकात त्याला समजेल अशा भाषेत बोलणारा तो एकटाच होता.

छावणीतील त्या दोन हत्यांबद्दल युद्धोत्तर न्यायालयाने फाशीच्या शिक्षा फर्मावल्या. कायद्याचे दप्तर तेथे बंद झाले, लोमॅक्सचे मात्र झाले नाही. सुटलेल्या कैद्यांनी मृतांच्या आप्तांना क्लेश होतील असे काही बोलू नये, अशी ताकीद देणारी पत्रके सरकारनेच वाटली होती. घरी परतला तो आई निवर्तलेली आणि वडिलांनी दुसरा संसार थाटलेला. त्याने घाईने केलेला विवाह पुढे मोडला. रात्री दुःस्वप्ने आणि दिवसा पाषाणासारखे मौन, ही त्याची अवस्था दुसऱ्या पत्नीच्या, पॅटीच्या, वाट्याला आली. आघातोत्तर मनोविकाराला अमेरिकन मनोवैद्यांच्या निदानग्रंथात जागा मिळाली ती १९८० साली. आणि छळ सोसलेल्यांसाठी हेलन बॅम्बर या बाईंनी १९८५ मध्ये लंडनला काढलेल्या संस्थेत या वृद्ध सैनिकाचे म्हणणे अखेर कोणीतरी शांतपणे ऐकून घेतले.

दरम्यान नागासेचे काय झाले होते? शरणागतीनंतर मृत कैद्यांच्या कबरी शोधणाऱ्या पथकाबरोबर त्याला दुभाषा म्हणून नेण्यात आले, आणि तेथे जे दिसले ते तो आयुष्यभर विसरू शकला नाही. तो पुनःपुन्हा थायलंडला गेला, क्वाय नदीच्या पुलाजवळ त्याने बौद्ध मंदिर बांधले आणि एक लहानसे आत्मवृत्तही लिहिले. १९८९ साली वर्तमानपत्राच्या एका कात्रणातून त्याचा पत्ता लोमॅक्सला लागला. त्या आत्मवृत्तात एका इंग्रज कैद्याच्या छळाचे वर्णन होते, आणि कांचनाबुरीच्या स्मशानभूमीत उभे असता आपल्याला क्षमा मिळाल्याचा भास झाला, असेही त्याने नमूद केले होते. त्यावर पॅटीने त्याला पत्र घालून विचारले की, तो कैदी हयात असून त्याने तुम्हाला क्षमा केलेली नाही, तर तुम्हाला ती मिळाली कोठून? माझ्या मते या साऱ्या प्रकरणातले अत्यंत न्याय्य वाक्य ते हेच. मृतांच्या सामुदायिक मौनातून आपल्या सोयीची सुटका काढून घेण्याचा अधिकार पश्चात्तापदग्धालाही नाही.

मार्च १९९३ मध्ये दोघे त्या पुलापाशी भेटले. नागासेची क्षमायाचना उत्कट होती यात शंका नाही. परंतु ज्या गोष्टीवर सभ्य जगाचा सहजी विश्वास बसत नाही, जी सांगावी तर घरची माणसेही नजर चुकवतात, तिचा दुसरा प्रत्यक्षदर्शी समोर बसला आहे आणि होय, असेच घडले, असे म्हणतो आहे, हे लोमॅक्सला पन्नास वर्षांत प्रथमच लाभत होते, आणि क्षमा शक्य झाली ती या साक्षीने, असे मला वाटते. नंतर जपानमध्ये त्याने नागासेला एकांतात क्षमापत्र दिले. १९४३ साली जे घडले ते विसरता येणार नाही, हे त्या पत्रातही त्याने सोडले नाही.

ही क्षमा एका माणसाने एका माणसाला दिली. तिचा हवाला देऊन इतरांकडे औदार्याची मागणी करणारे सद्गृहस्थ पुष्कळ भेटतात. १९९८ साली सम्राट अकिहितो लंडनला गेले तेव्हा रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या कित्येक वृद्ध युद्धकैद्यांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली, आणि त्यांच्या मनाच्या कोतेपणाची चर्चा झाली. त्यांच्याकडे कोणी नागासे आला नव्हता. मलायाच्या रबरमळ्यांवरून नेलेल्या तमिळ मजुरांकडे तर कोणीच गेले नाही. त्यांच्या कबरींवर नावेही नाहीत, आणि त्यांच्या वतीने माफीवर सही करण्याचा अखत्यार लोमॅक्सने कधी आपल्याकडे घेतला नाही.