होडी तरते कशावर?

तुम्ही जयपूरच्या सोडाल्यात राहा की साताऱ्यात, रविवारी मित्रांसोबत होडीत बसून डबे उघडण्याचा आनंद एकच. श्रीकृष्णानेही सवंगड्यांच्या शिदोऱ्या एकत्र केल्या, तोच गोपाळकाला.

पण जयपूरजवळचा रामगढ तलाव आठवा. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकानयन तेथे झाले. पुढे बाणगंगेचे पाणी वाटेतच अडले, ओढ्यांवर अतिक्रमणे झाली आणि तलाव कोरडा पडला. पाणीच नसेल तर उत्तम होडीही नुसते लाकूड!

मैत्रीचेही तसेच आहे. चौकशी, क्षमा, नामस्मरण या रोजच्या लहान ओढ्यांनी ती भरते. यांतला कोणता ओढा आपण अडवला आहे? ज्याच्याशी अबोला आहे, त्याला आज आधी फोन करा. मग डबा भरा.