कारण आणि अन्यथासिद्ध: संगीतरचनेसाठी संगणक निवडण्यामागील विवेक

संगीतरचना करणाऱ्याने कोणता संगणक घ्यावा, हा प्रश्न सामान्यतः किंमत आणि क्षमता यांच्या तुलनेवर सोपवला जातो. परंतु एखादे कार्य घडण्यास नेमके काय आवश्यक असते आणि केवळ कार्याच्या अवतीभवती असल्यामुळे आवश्यक भासते ते काय, हे ठरवल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नसल्याने, तो मुळात कारणमीमांसेचा, म्हणजे कार्य आणि कारण यांच्या संबंधाच्या तात्त्विक विचाराचा, प्रश्न आहे. आज अनेक संगीतकार ज्याकडे वळतात तो ‘टू-इन-वन’ किंवा हायब्रिड लॅपटॉप या विचारासाठी विशेष उपयुक्त उदाहरण ठरतो. या यंत्राचा पडदा पूर्ण मागे वळवून किंवा कळफलकापासून वेगळा काढून पाटीसारखा हाती धरता येतो, त्यावर बोटाने आणि पेनने काम करता येते, आणि त्याच वेळी त्याच्याकडून पूर्ण क्षमतेच्या संगणकाचे सामर्थ्यही अपेक्षिले जाते. यांपैकी कोणता गुण संगीताचे कारण आहे आणि कोणता नाही, याचा निर्णय करण्यास न्यायदर्शनाची परिभाषा आजही समर्थ आहे, हे येथे प्रतिपादन करायचे आहे.

न्याय-वैशेषिक दर्शन कारणाचे तीन प्रकार मानते. ज्यात कार्य समवायाने, म्हणजे अविभाज्य संबंधाने, राहते ते समवायी कारण, जसे वस्त्राचे तंतू; त्या समवायी कारणात राहून कार्य घडवणारे ते असमवायी कारण, जसा तंतूंचा परस्परसंयोग; आणि या दोहोंहून वेगळे असूनही कार्यास आवश्यक असणारे ते निमित्त कारण, जसे माग, धोटा आणि विणकर. शब्द, म्हणजे ध्वनी, हा आकाशाचा गुण असल्यामुळे ध्वनीचे समवायी कारण आकाश ठरते, तर भेरी आणि दांडा यांचा आघात निमित्त कोटीत येतो. या मांडणीत संगणकाचे स्थान स्पष्टपणे निमित्त कारणाचे आहे. त्याच्या आत ध्वनी नसतो, संख्या असतात. दर सेकंदाला सामान्यतः ४४,१०० किंवा ४८,००० या प्रमाणात मोजलेल्या त्या संख्यांचे विद्युत्प्रवाहात रूपांतर होऊन स्पीकरचा पडदा हलतो, तेव्हाच ध्वनी उत्पन्न होतो. मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत संगणकाकडून संगीत निर्माण करवून घेतले, त्यातही यंत्राने केवळ संख्या दिल्या होत्या. शब्द नित्य आहे आणि आघाताने तो फक्त प्रकट होतो, असे मानणाऱ्या मीमांसकांचे मत स्वीकारले तरी यंत्राचा दर्जा बदलत नाही. नैयायिकांच्या दृष्टीने ते उत्पादक निमित्त असेल, मीमांसकांच्या दृष्टीने अभिव्यंजक, म्हणजे प्रकट करणारे निमित्त असेल, परंतु निमित्तच असेल.

तथापि निमित्तांची यादी अमर्याद वाढू शकते, आणि येथेच न्यायशास्त्राची ‘अन्यथासिद्ध’ ही संकल्पना महत्त्वाची ठरते. जे कार्यापूर्वी उपस्थित असते, परंतु ज्याच्या उपस्थितीचा कार्याच्या सिद्धीशी आवश्यक संबंध नसतो, ते अन्यथासिद्ध होय. विश्वनाथ पंचाननांच्या ‘भाषापरिच्छेद’ या ग्रंथात त्याचे पाच प्रकार सांगितले असून त्यांची उदाहरणे घटाच्या निर्मितीवरून घेतली आहेत. चाक फिरवणारा दंड हे घटाचे कारण आहे, परंतु दंडाचा रंग कारण नाही; कुंभार कारण आहे, परंतु कुंभाराचा पिता कारण नाही; माती वाहून आणणारे गाढव त्या विशिष्ट घटापूर्वी उपस्थित असले तरी तेही कारण नाही. या सूचीतील सर्वांत मार्मिक उदाहरण आकाशाचे आहे. घटापूर्वी आकाश असतेच, तरीही घटाच्या बाबतीत ते अन्यथासिद्ध मानले जाते. परंतु तेच आकाश ध्वनीचे समवायी कारण आहे. याचा अर्थ असा की कारणत्व हा वस्तूच्या अंगी कायमचा चिकटलेला गुण नसून तो विशिष्ट कार्याच्या संदर्भातच ठरतो.

संगणकाच्या निवडीत होणाऱ्या बहुतेक चुका या एका भेदाकडे दुर्लक्ष झाल्याने होतात. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड चित्रपटातील दृश्यपरिणाम करणाऱ्यास कारण आहे, परंतु ध्वनीवरील प्रक्रिया सहसा मुख्य प्रोसेसरच करत असल्यामुळे संगीतकाराच्या बाबतीत ते बहुतांशी अन्यथासिद्ध ठरते. अतिसूक्ष्म तपशील दाखवणारा पडदा आणि धातूच्या कवचाचा रंग यांची गणना तर थेट दंडाच्या रंगातच होईल. तरीही बाजारात ‘शक्तिशाली’ हे विशेषण या सर्वांना एकत्र गुंडाळून लावले जाते, आणि कोणत्या कार्यासाठी शक्तिशाली हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

मग संगीताच्या बाबतीत खरे कारण कोणते, हे पाहण्यासाठी ‘करण’ आणि ‘व्यापार’ या दोन संज्ञा समजून घ्याव्या लागतात. असाधारण कारणाला करण म्हणतात, आणि करण ज्या मधल्या क्रियेच्या द्वारा फळ देते तिला व्यापार म्हणतात. कुऱ्हाड हे छेदनाचे करण असेल, तर कुऱ्हाडीचा लाकडाशी होणारा संयोग हा व्यापार होय. संगीत करणाऱ्या संगणकाचा व्यापार म्हणजे संख्यांची गणना वेळेत पूर्ण करणे, आणि यातील ‘वेळेत’ हा शब्द निर्णायक आहे. यंत्र ध्वनीच्या संख्या छोट्या गटांत हाताळते; अशा गटाला बफर म्हणतात. सेकंदाला ४८,००० मोजमापे घेतली जात असताना १२८ मोजमापांचा बफर ठेवला, तर तो भरण्यास सुमारे २.७ मिलिसेकंद लागतात, आणि १,०२४ मोजमापांचा ठेवला तर सुमारे २१ मिलिसेकंद. या विलंबाला लेटन्सी म्हणतात. तेवढ्या वेळात ध्वनी हवेतून अनुक्रमे एका मीटरहून किंचित कमी आणि सात मीटरांहून अधिक अंतर कापतो. म्हणजे दुसऱ्या स्थितीत स्वतःचा आवाज यंत्रातून ऐकत वाजवणारा तबलावादक आपलाच ठेका जणू सात मीटर दूर बसून ऐकत असतो, आणि आवाज आत घेताना होणारा विलंब त्यात आणखी भर घालतो. द्रुत लयीत हे अंतर सहन होत नाही.

बफर लहान ठेवूनही गणना खंडित होऊ न देणारे सामर्थ्य, हेच म्हणून येथे खरे सामर्थ्य आहे. एका ट्रॅकवर एकामागून एक लावलेल्या प्रक्रिया, म्हणजे प्लगइन, क्रमानेच कराव्या लागतात, कारण दुसरीला पहिलीचा परिणाम हवा असतो. त्यामुळे प्रोसेसरमध्ये कोअर किती आहेत याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, एकेक कोअर किती वेगवान आहे याला महत्त्व येते. ध्वनिमुद्रित वाद्यांचे मोठे संग्रह वापरणाऱ्यास ३२ गिगाबाइट रॅम आणि वेगवान एसएसडी ही कारणे ठरतात. आवाज, तंबोरा, तबला आणि दोनचार कृत्रिम स्वरवाद्ये एवढाच ज्याचा विस्तार आहे, त्याला १६ गिगाबाइट पुरेसे होतात. हायब्रिड यंत्राच्या पातळ देहात उष्णता बाहेर पडण्यास जागा कमी असते, आणि यंत्र तापले की प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो. म्हणून पहिल्या मिनिटाला दिसणारा वेग प्रमाण न मानता, अर्धा तास सलग काम केल्यानंतर टिकणारा वेग प्रमाण मानला पाहिजे. मायक्रोफोनजवळ पंखा किती आवाज करतो, हाही याच परीक्षेचा भाग आहे.

यापुढील प्रश्न असा की एकच घटक करण मानावा की सर्वांचा समुदाय. नवव्या शतकातील काश्मिरी नैयायिक जयंत भट्ट यांनी ‘न्यायमंजरी’त ज्ञानाच्या साधनांविषयी असे मत मांडले की कोणताही एक घटक करण नसून सामग्री, म्हणजे सर्व घटकांची एकत्रित उपस्थिती, हीच करण होय, कारण एकाही घटकाचा अभाव असला तर फळ मिळत नाही. संगणकाच्या बाबतीत हे मत अक्षरशः खरे ठरते. काही नव्या हायब्रिड लॅपटॉपमध्ये एआरएम रचनेचा प्रोसेसर असतो. त्यावर जुन्या रचनेसाठी लिहिलेले पुष्कळ प्रोग्राम रूपांतरित होऊन चालतात, परंतु ऑडिओ इंटरफेसचा, म्हणजे मायक्रोफोन आणि स्पीकर संगणकाशी जोडणाऱ्या पेटीचा, ड्रायव्हर मात्र त्या रचनेसाठीच लिहिलेला असावा लागतो. तो नसेल, तर अत्यंत वेगवान यंत्रही त्या पेटीपुरते निष्फळ होते. ध्वनीच्या उत्पत्तीला सर्वांत जवळचे निमित्त स्पीकर आणि इंटरफेस हेच असल्याने, सर्व द्रव्य प्रोसेसरवर खर्च करून त्यांच्यासाठी काहीच न उरवणे हा सामग्रीचा विचार नव्हे.

हायब्रिड यंत्राचा स्पर्शगुण कारण आहे की अन्यथासिद्ध, याचेही उत्तर कार्यावर अवलंबून आहे. या संदर्भात हार्मोनियमचा इतिहास उद्बोधक आहे. या वाद्याचे स्वर ठरलेल्या जागी स्थिर असल्यामुळे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणारी मींड त्यावर काढता येत नाही, असा आक्षेप घेण्यात आला आणि १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर त्यास बंदी राहिली. परंतु त्याच काळात मराठी नाट्यसंगीतात आणि भजनात हार्मोनियम अपरिहार्य राहिली. दोन्ही निर्णय वेगवेगळ्या कार्यांपुरते समजण्यासारखे होते. १९८३ पासून रूढ झालेली मिडी ही संकेतपद्धतीही सुट्या स्वरांच्या कल्पनेवर उभी आहे, आणि प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे वळवता येण्याची एमपीई ही तरतूद २०१८ मध्ये तिच्यात अधिकृतपणे समाविष्ट झाली. पडद्यावर बोट सरकवून मींड घेऊ पाहणाऱ्या किंवा पेनने स्वरलिपी लिहिणाऱ्या रचनाकारास हायब्रिड यंत्राचा स्पर्श हे खरे कारण आहे. जो केवळ कळफलकावर स्वर वाजवतो आणि माउसने त्यांची मांडणी करतो, त्याच्यासाठी तो स्पर्श अन्यथासिद्ध आहे, आणि त्याच किमतीत साधा, अधिक थंड राहणारा लॅपटॉप अधिक योग्य आहे.

येथे असा पूर्वपक्ष संभवतो की उद्याच्या गरजा आज कळत नाहीत, म्हणून शक्य तेवढे अधिक सामर्थ्य घेऊन ठेवणे हेच शहाणपण. या युक्तिवादात थोडे तथ्य आहे, कारण पुष्कळ हायब्रिड यंत्रांतील रॅम नंतर वाढवता येत नाही आणि थोडा वाव ठेवणे उचित असते. परंतु अज्ञात भविष्य हेच प्रमाण मानले, तर कोणतीही मर्यादा टिकत नाही. जैन आचारशास्त्रात साधूसाठी अपरिग्रह हे महाव्रत सांगितले असले, तरी गृहस्थासाठी परिग्रह-परिमाण हे अणुव्रत सांगितले आहे. म्हणजे त्याने संग्रहाचा पूर्ण त्याग न करता त्याची सीमा स्वतः आणि आधीच ठरवावी. खरेदीच्या संदर्भात या व्रताचे तात्पर्य असे की आपल्या रचनेत एकाच वेळी किती ट्रॅक असतात, ध्वनिमुद्रण किती असते आणि काम घरी होते की प्रवासात, हे लिहून काढूनच दुकानात जावे. मिरजेचे कारागीर पुरुषांचा आणि स्त्रियांचा तंबोरा वेगवेगळ्या आकाराचा घडवतात, कारण गाणाऱ्याचा षड्ज आधी ठरलेला असतो आणि वाद्य त्यानुसार येते. संगणकाच्या बाबतीतही हाच क्रम पाळला गेला पाहिजे.

सामर्थ्याचा मोह अंतिमतः कर्तृत्वाच्या भ्रमातून उपजतो. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, विविध करणे, निरनिराळ्या चेष्टा आणि दैव. त्यांत करण हे पाचांपैकी एक आहे, आणि ते कर्त्याची किंवा त्याच्या प्रयत्नांची जागा घेत नाही. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ रचणाऱ्या शार्ङ्गदेवाने स्वरांच्या विवेचनाआधी मानवी देहाच्या उत्पत्तीचे प्रकरण घातले, यामागेही हीच दृष्टी आहे. नाद प्रथम देहात उठतो, म्हणून कान आणि कंठ ही पहिली करणे होत; त्यांच्या संस्काराला लागणारा रियाज कोणत्याही प्रोसेसरने कमी होत नाही.

तेव्हा निर्णय असा: संगीतकाराने प्रथम कार्य निश्चित करावे, त्यानुसार कारण आणि अन्यथासिद्ध वेगळे करावे, संपूर्ण सामग्री जुळते की नाही हे तपासावे, आणि स्वतः ठरवलेल्या सीमेत बसणारे यंत्र घेऊन खरेदीचा विचार तेथेच थांबवावा. त्यानंतर जो वेळ आणि जे द्रव्य उरेल, त्यावर रियाजाचा अधिकार पहिला आहे.