बिगरहंगामी निर्जनतेचे नीतिशास्त्र

भूमध्य सागराकाठची ऐतिहासिक नगरे हिवाळ्यात, प्रवाशांचा हंगाम ओसरल्यावर पाहावीत, असे जाणते प्रवासी सांगत असतात. गर्दी नसते, दर उतरलेले असतात आणि नगर आपल्या मूळ रूपात भेटते, ही त्यामागची कारणे. पहिली दोन व्यवहाराची आहेत. तिसऱ्यात मात्र दोन दावे मिसळलेले आहेत. निर्जनता हेच स्थळाचे मूळ रूप होय, हा एक. आणि ते रूप शोधणारा प्रवासी गर्दीतल्या प्रवाशाहून अधिक सुसंस्कृत होय, हा दुसरा. पहिला दावा सौंदर्यविषयक आहे, दुसरा नैतिक. दोन्ही तपासण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. वाशिंदच्या परिसरात, म्हणजे शहापूर-मुरबाडच्या मुलखात, एके काळी भूमध्य सागराच्या व्यापाराशीच जोडलेली एक वाट आहे. ती म्हणजे नाणेघाट.

मुरबाड तालुक्यातील वैशाखऱ्याहून चढणारी ही वाट कल्याण व सोपारा या बंदरांना जुन्नरशी जोडत असे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक नाविकग्रंथात या दोन्ही बंदरांचा उल्लेख आहे. इजिप्तहून जुलैच्या सुमारास निघालेली जहाजे नैर्ऋत्य वाऱ्यांवर हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्याला लागत आणि डिसेंबर-जानेवारीत ईशान्य वाऱ्यांवर परतत. पावसाने घाट निसरडे झालेले असताना मालाची ने-आण अवघड. तेव्हा घाटाची खरी वर्दळ पाऊस सरल्यावरची, हिवाळ्यातली असणार हे उघड आहे. आज हे चक्र उलटे झाले आहे. धुके आणि वाऱ्याने वर उडणारा ‘उलटा धबधबा’ पाहण्यासाठी लोक पावसाळ्यात लोटतात. हिवाळ्यातल्या एखाद्या साध्या वारी घाट जवळजवळ रिकामा असतो. म्हणजे आज ज्याला बिगरहंगाम म्हटले जाते तोच या स्थळाचा मूळ हंगाम होता. त्या काळी येथे शांतता नव्हती. बैल होते, ओझी होती, जकातीची घासाघीस होती. निर्जनता हे येथले मूळ रूप नव्हे. ते मूळ रूप नाहीसे झाल्याची ती खूण आहे.

भाषेतही याची साक्ष सापडते. ‘मोसम’ हा अरबीतून आलेला शब्द. ‘मान्सून’ हा त्याचाच पोर्तुगिजांच्या तोंडून फिरून आलेला अवतार. त्याचा अर्थ ठरलेली वेळ. ‘हंगाम’ शेतकऱ्याच्या तोंडी खरिपाचा असतो किंवा रब्बीचा. दोन्ही शब्द काम करणाऱ्यांचे आहेत. पाहणाऱ्याने ते उचलले तेव्हा त्यांतले काम गळून पडले आणि केवळ पाहण्याची सोय उरली. तेव्हा ‘बिगरहंगाम’ हा शब्द ऐकताच पहिला प्रश्न उभा राहावयास हवा तो असा, की बिगरहंगाम कोणाचा?

येथे सौंदर्यशास्त्रातील एक परिचित भूमिका आड येते. एडवर्ड बुलो याने १९१२ मध्ये ‘मानसिक अंतरा’चा सिद्धांत मांडताना समुद्रावरील धुक्याचे उदाहरण घेतले होते. धोक्याचा आणि गैरसोयीचा विचार बाजूला सारता आला, तर तेच धुके आस्वादाचा विषय होते. मराठीत रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त लौकिकतावाद व अलौकिकतावाद यांच्या द्वंद्वातून या प्रश्नाचा विस्तृत ऊहापोह केला आहे. अलौकिकतावादी असे म्हणू शकेल, की रिकाम्या घाटाचे किंवा ओस वस्तीचे सौंदर्य अनुभवताना ती ओस का पडली हे विचारणे अप्रस्तुत आहे. धुक्याच्या बाबतीत हे मान्य करता येईल, कारण धुके कोणी पाडलेले नसते. निर्जनतेचे मात्र तसे नाही.

या दोन तालुक्यांतील पुष्कळ वाड्यांवर भाताचे एकच पीक निघते. कापणी-मळणी उरकली, दिवाळी झाली, की अनेक कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुले बरोबर जातात. शाळेचा पटही त्या काळात ओसरतो. हिवाळ्यातल्या भटक्याला माहुलीच्या किंवा नाणेघाटाच्या पायथ्याशी जी नीरव वाडी दिसते, तिच्या नीरवतेत या जाण्याचा वाटा असतो. भट्टीवरची वीट जाते मुंबई महानगराच्या बांधकामाला. याच शहापूर तालुक्यातील तानसाचे पाणी १८९२ पासून आणि पुढे भातसाचेही मुंबईला जात आले, तर तालुक्यातल्या कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. कल्याणहून वाशिंदपर्यंतचा लोहमार्ग १८५५ मध्ये सुरू झाला. त्याच मार्गाने आजचा नागर प्रवासी शांतता शोधत येतो. तो ज्या भिंतींना कंटाळून निघालेला असतो त्या भिंती आणि ज्या शांततेकडे निघालेला असतो ती शांतता, यांचे मूळ बऱ्याच अंशी एकच आहे. आस्वादासाठी लागणारे अंतर त्याला मुळातच उपलब्ध नसते. तो या घटनेचा प्रेक्षक नसून तिच्यातला एक दुवा असतो.

भूमध्य सागराकाठीही काही वेगळे घडत नाही. व्हेनिसच्या जुन्या शहरातील रहिवाशांची संख्या २०२२ मध्ये पन्नास हजारांच्या खाली गेली. २०२४ मध्ये तेथे गर्दीच्या निवडक दिवशी एका दिवसाच्या पाहुण्यांवर प्रवेशशुल्क बसले. हिवाळ्यात ते नसते. पण हिवाळ्यातल्या अंधाऱ्या खिडक्या केवळ ऋतूमुळे अंधाऱ्या नसतात. काही घरांतून माणसे कायमची गेली आहेत, आणि ती जाण्यास पाहुण्यांचा हंगामही कारणीभूत आहे.

यावर दोन आक्षेप संभवतात. एक असा, की मग प्रवाशाने जाऊच नये काय? हा निष्कर्ष येथून निघत नाही. त्याच्या न जाण्याने वीटभट्टी थांबत नाही, आणि अपराधभावनेचेही शेवटी एक प्रकारचे रसग्रहणच होऊ लागते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कारणांचे ज्ञान आस्वादात आणले की आस्वाद समाजशास्त्रात विरून जातो, असा तो आहे. त्याचे उत्तर नाणेघाटातल्या लेण्यातच मिळते. तेथे सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आज पावलांचे अवशेष आणि वर ब्राह्मीत कोरलेली नावे उरली आहेत: सिमुक, सातकर्णी, नागनिका. नावे वाचता न येणाऱ्याला ती भिंत रिकामी दिसते. वाचता येणाऱ्याला तेथे कोणी तरी नाही असे दिसते. रिकामेपण आणि अनुपस्थिती यांतला हा भेद आहे. तो कळल्याने भिंतीचे सौंदर्य उणावत नाही, उलट तिचा अनुभव अधिक खोल होतो.

मराठी प्रवासलेखनात व दुर्गलेखनात ‘निर्जन’, ‘नीरव’, ‘ओस’ ही विशेषणे सढळपणे येतात. ती वर्ज्य करण्याचे कारण नाही. समीक्षेने मात्र त्यांना एक प्रश्न विचारावयास हवा: येथे केवळ रिकामेपण नोंदले आहे, की अनुपस्थिती? राजकुलाची अनुपस्थिती वाचता येते, कारण तिच्या डोक्यावर नावे कोरलेली आहेत. वाडीतल्या बंद दारांवर काहीच कोरलेले नसते. ते वाचण्याची जबाबदारी त्यामुळे पाहणाऱ्यावर आणि लिहिणाऱ्यावर अधिक पडते.