नित्यनूतन पुरातनता : इसेचे देवस्थान

जपानच्या मिए प्रांतातील इसे येथील ‘जिंगू’ हे शिंतो परंपरेतील सर्वांत पूज्य देवस्थान मानले जाते. निसर्गात आणि पूर्वजांत वास करणाऱ्या ‘कामी’ नामक दिव्य शक्तींची उपासना करणारा शिंतो हा जपानचा मूळचा धर्म असून, इसेच्या अंतर्देवालयात सूर्यदेवता आमातेरासू हिची, तर बहिर्देवालयात अन्नदेवता तोयोउके हिची पूजा होते. आमातेरासूचे प्रतीक असलेला पवित्र आरसा अंतर्देवालयात ठेवलेला असतो व तो कोणाच्याही दृष्टीस पडू दिला जात नाही.

सम्राज्ञी जितो हिच्या काळात, इ. स. 690 मध्ये, येथे ‘शिकिनेन सेंगू’ म्हणजे ठरावीक वर्षांनी देवतेचे स्थलांतर करण्याचा विधी प्रथम पार पडला. या विधीनुसार दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर हिनोकी वृक्षाच्या लाकडाचे तंतोतंत तसेच देवालय उभारले जाते, वस्त्रे, शस्त्रे इत्यादी देवद्रव्येही नव्याने घडवली जातात आणि रात्रीच्या अंधारात देवता नव्या निवासात नेली जाते. त्यानंतर जुनी वास्तू उतरवून तिचे लाकूड इतर देवस्थानांना दिले जाते.

जीर्ण झाल्यावर जीर्णोद्धार करण्याची रीत भारतीय वाचकाला परिचित आहे. इसेत मात्र जीर्णता येण्याआधीच नवनिर्मिती होते, कारण शिंतो विचारात शुचिता आणि ताजेपणा ही पावित्र्याची लक्षणे आहेत. मग ज्या वास्तूतील एकही खांब शतकभर जुना नाही, तिला प्राचीन कसे म्हणावे? इसेची परंपरा प्राचीनत्व द्रव्यात न मानता रूपात, विधीत आणि कारागिरीत मानते. वीस वर्षांच्या अंतरामुळे अनुभवी सुतार आपली विद्या पुढच्या पिढीच्या हाती प्रत्यक्ष कामातून सोपवू शकतो.

हे सातत्य आपोआप टिकलेले नाही. पंधराव्या-सोळाव्या शतकांतील यादवीत हा विधी 120 हून अधिक वर्षे खंडित झाला होता आणि केइकोइन येथील बौद्ध भिक्षुणींनी वर्गणी गोळा केल्यामुळे त्याचे पुनरुज्जीवन होऊ शकले. परंपरा म्हणजे वारशाने मिळालेली वस्तू नव्हे, तर प्रत्येक पिढीने नव्याने पत्करायचे कर्तव्य होय, हाच इसेचा खरा सिद्धान्त आहे. बासष्टावे स्थलांतर 2013 मध्ये झाले असून त्रेसष्टावे 2033 मध्ये व्हावयाचे आहे.