मांडुकलीला पाणी

आषाढात गगनबावड्याला पाऊस लागला की कुंभी नदी फुगते आणि मांडुकलीजवळ कोल्हापूरच्या रस्त्यावर पाणी येतं. मग एसटी स्टँडवरच थांबते. अशाच एका संध्याकाळी शेवटची गाडी अडली. करूळ घाट चढून आलेले प्रवासी आणि गावातून गाडीला आलेले, सगळे पत्र्याखाली गोळा झाले. पाणी उतरल्याशिवाय गाडी हलणार नाही, असं कंडक्टरनं सांगून टाकलं.

त्यांत एक तरुण होता. बायबलचं शिक्षण नुकतंच पुरं केलेला, मनाचा निर्मळ, तळमळीचा. त्याला वाटलं, प्रभूनंच ही माणसं आपल्यासमोर आणून बसवली आहेत. पिशवीतली पत्रकं काढून तो वाटू लागला. येशू तुमच्यावर प्रेम करतो, तो पापांची क्षमा करतो, असं प्रत्येकाला सांगत तो पुढं सरकत होता. माणसं पत्रक घेत, मान हलवत. एकानं ते ओल्या बाकड्यावर पसरलं आणि त्यावर बसला.

कोपऱ्यात धनगरवाड्यावरची एक म्हातारी घोंगडं पांघरून बसली होती. तिचे डोळे भरलेले दिसले, म्हणून तरुण थांबला. "आजी, काळजी करू नका. सगळा भार प्रभूवर टाका."

"बरं बाळा," म्हणून ती भिंतीकडे वळली.

याच गाडीत निवृत्त नर्सबाई होत्या. डॉ. वॉनलेस यांनी 1894 साली मिरजेत सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलात त्यांची उभी नोकरी झालेली. आता कोल्हापुरात राहत, रविवारी वायल्डर मेमोरियल चर्चला जात. त्या म्हातारीजवळ आल्या आणि म्हणाल्या, "आजी, घोंगड्यात जरा जागा देता का? लई गारठलेय."

म्हातारी सरकली. थोड्या वेळानं तिनं फडकं सोडलं आणि नाचणीची अर्धी भाकरी, वर खर्डा, असं बाईंच्या हातावर ठेवलं. बाईंनी ती खाल्ली आणि मग विचारलं, "कुठं निघालासा?"

लेक कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात होता. पोटाचं ऑपरेशन झालेलं, जवळ एकटी सून. म्हातारीचा फोन दुपारीच बंद पडला होता. बाईंनी स्वतःच्या फोनवरून सुनेला गाठलं. ताप आहे का, लघवी झाली का, टाक्यांतून पाणी येतंय का, एकेक विचारलं आणि प्रत्येक उत्तराचा अर्थ म्हातारीला सांगितला. ताप नाही, म्हणजे चांगलं. लघवी झाली, म्हणजे तेही चांगलं. मग त्यांचं लक्ष म्हातारीच्या पदराच्या गाठीकडं गेलं. गाठीत बीपीच्या गोळ्यांची पट्टी होती आणि त्या दिवसाची गोळी तशीच राहिलेली. टपरीवरनं पाणी आणून त्यांनी ती घ्यायला लावली.

रात्र चढली तशी म्हातारी बोलती झाली. शेवटी तिनंच विचारलं, "तुमी कुनातल्या म्हनायच्या, बाई?"

"मी ख्रिस्ती, आजी."

"मंग तुमचा देव काय करतोय?"

बाई म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याच्या शेवटच्या दुखण्यात मी रात्र रात्र त्याच्याशी भांडले. तो माझ्यावर रागावला नाही. येशू स्वतः दुःख सोसून गेलाय, त्यामुळं त्याला रडणाऱ्या माणसाचं कळतं, असा माझा अनुभव आहे. तुमच्या लेकासाठी त्याला सांगू का?"

"सांगा की. गगनगिरी म्हाराजांस्नी सांगितलंय, गडावरच्या गैबी पिराला सांगितलंय. तुमच्या देवाच्याबी कानावर घाला."

बाईंनी लेकाचं नाव विचारून घेतलं आणि चार वाक्यांत, शेजारणीशी बोलावं तशी, प्रार्थना केली.

तरुण हे सारं ऐकत होता. पहाटे तो म्हणाला, "बाई, तुम्ही तिला पुरतं सांगितलंच नाही. ती महाराज आणि पीर म्हणाली, तरी तुम्ही गप्प."

"तिनं जेवढं विचारलं, तेवढं मी खरं सांगितलं. मी कोण, कुणाला मानते, हे लपवलं नाही. याकोबाच्या विहिरीवर प्रभूनं त्या शोमरोनी बाईकडं आधी काय मागितलं होतं, आठव."

"पाणी."

"मागणारा खाली बसतो, बाळा. तू सगळ्यांशी उभ्यानं बोललास."

इथं मला माझं मत सांगितल्याशिवाय राहवत नाही. अडलेल्याला मदत करायची आणि तिची किंमत म्हणून श्रद्धा मागायची, हा सौदा आहे. त्यानं मदतही बाटते आणि श्रद्धाही. पण या भीतीनं आपल्या मनातलं सर्वांत मोलाचं तोंडातून काढायचंच नाही, हेही खरेपणाचं नव्हे. येशूचा शिष्य पेत्र आपल्या पहिल्या पत्रात दोन्ही एकदम सांगतो: विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा, पण ते सौम्यतेनं आणि आदरानं द्या. त्यातलं "विचारणाऱ्याला" आपण फार लवकर विसरतो.

महाराष्ट्रात याचा मोठा दाखला रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक अनोळखी गोरा प्रवासी भेटला. बोलणं कवितेवरून सुरू झालं आणि धर्मापाशी पोचलं. उतरताना त्यानं टिळकांना नवा करार दिला आणि वाचण्याचं वचन घेतलं. बाकीचं काम वाचनानं केलं. डोंगरावरच्या प्रवचनाशी येऊन टिळक अडले आणि 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. घरी मात्र लक्ष्मीबाई तयार नव्हत्या. पुढं काही वर्षांनी त्या ख्रिस्ती झाल्या, त्या स्वतःच्या मनाला पटल्यावर. पतीला घाई करता आली असती, पण बायकोचं मन घाईनं वळणारं नव्हतं.

सकाळी मांडुकलीचं पाणी ओसरलं आणि गाडी सुटली. तरुण कंडक्टरशेजारी बसला. ड्युटी कधीपासूनची, घरी कोण कोण, हे विचारत तो कळे गावापर्यंत गेला. पत्रकं पिशवीतच होती.

लेक बरा होऊन घरी गेला. भादव्यात म्हातारीचा निरोप आला, "गौरीला या." बाईंनी फोनवरच सांगितलं, "आजी, पूजेला मी बसणार नाही. जेवायला मात्र नक्की येते."

"मी जेवायलाच बोलावतिया," म्हातारी म्हणाली.

बाई गेल्या. ओसरीवरच्या बायांनी विचारलं, ह्या कोण? बाईंनी तोंड उघडायच्या आत म्हातारीच बोलली, "ह्या ख्रिस्ती हाईत. स्टँडावर माझ्या ल्योकासाठी त्येंच्या देवाला बोलल्या. माझी भाकरी खाल्ली ह्यांनी." मग एकीनं विचारलं, तुमचा येशू म्हणजे नेमका कोण? बाई पाटावर बसल्या आणि सांगू लागल्या. जेवणाची पानं त्या दिवशी उशिरा पडली.