दोन इंद्रियांचा जीव

बाणकृमी बहुतेक माणसांनी पाहिलेला नसतो. समुद्रात तरंगणाऱ्या प्लवकांपैकी हा एक शिकारी. लांबी बहुधा दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत, अंग आरपार दिसणारं. डोक्यावरच्या आकड्यांनी तो कोपेपॉड हा इवला कवचधारी जीव पकडतो आणि अख्खा गिळतो. सूक्ष्मदर्शकाखाली कधी कधी त्याच्या पोटात आणखी कुणी हलताना दिसतं: चपट्या कृमीची अळी, चूषकांनी धरत-सोडत सरकणारी.

उत्तर युरोपच्या समुद्रातल्या ऑपेकोना बॅसिलॅरिस या चपट्या कृमीचं बालपण समुद्री गोगलगायीत जातं. तिथून सुटलेल्या अळ्या जेलीफिश, कंगवा-जेली किंवा बाणकृमीत शिरतात. वयात मात्र हा चपटा कृमी येतो मॅकरेल माशाच्या आतड्यात. बाणकृमीला माशाने खाल्लं, तरच आतल्या अळीचं पुढे काही होणार!

दयाळू ईश्वराने हे का योजावं?

22 मे 1860 रोजी डार्विनने एसा ग्रे या श्रद्धाळू अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाला पत्र लिहिलं, त्यात हाच सल आहे. ज्यांच्या अळ्या जिवंत सुरवंटाला आतून खातात अशा इक्न्युमन माश्या कुणा कृपाळू, सर्वशक्तिमान ईश्वराने जाणूनबुजून निर्माण केल्या असतील, हे त्याच्या मनाला पटेना. प्रामाणिक शंका आहे ही, आणि ‘ईश्वराची लीला’ म्हणून ती मिटत नाही. पण तिच्यात कळवळा आहे तो सुरवंटापुरता. आतल्या अळीलाही भूक आहे, तिचं काय?

जैन दर्शनात सृष्टिकर्ताच नाही, त्यामुळे जाब विचारायचा तरी कुणाला? तिथे आधी पाहिलं जातं ते जीव कोण हे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रातल्या क्रमात कृमीला स्पर्श आणि रस ही दोन इंद्रियं, मुंगीला तीन, भुंग्याला चार, माणसाला पाच. पोटातला कृमीही यजमानाइतकाच जन्ममरणात अडकलेला. या दुःखाचं कारण म्हणून पूर्वकर्म सांगितलं जातं, आणि तिथे मन पुन्हा अडतं. बाणकृमीच्या यातनेला त्याचंच कर्म जबाबदार धरणं कठोर वाटतं. तरीही या दर्शनाची करुणा डार्विनच्या शंकेहून रुंद आहे, कारण तिला बळी आणि गुन्हेगार अशी वाटणी करावी लागत नाही.

परंपरेने चालणाऱ्या जैन घरांत विहिरीचं पाणी कापडातून गाळतात आणि कापडावर राहिलेली जिवाणी, म्हणजे गाळले गेलेले सूक्ष्म जीव, जपून त्याच विहिरीत परत सोडतात. तिच्यातल्या एखाद्या सूक्ष्म जीवाच्या पोटात कृमी असला, तर तोही त्याच्यासोबत सुखरूप परततो.